घशामागची मोठी पिशवी : झेंकर डायव्हर्टिक्युलमच्या शस्त्रक्रियेची टप्प्याटप्प्याने ओळख

दुपारी जेवलेल्या भाताची शितं रात्री आडवं झाल्यावर जशीच्या तशी तोंडात आली आणि त्यांना आंबट चव नसली, तर ते अन्न जठरापर्यंत पोचलेलंच नसतं. वाटेत कुठेतरी ते अडकून पडलेलं असतं. साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हे वारंवार होत असेल, सोबत गिळताना अडखळणं, मानेतून गुडगुड आवाज, तोंडाला कुजकट वास आणि रात्रीचा खोकला असेल, तर झेंकर डायव्हर्टिक्युलमचा विचार करायलाच हवा. घशाच्या मागच्या बाजूला, अन्ननलिकेच्या तोंडाशी तयार झालेली ही पिशवी. असे अनेक रुग्ण महिनोन्‌महिने ॲसिडिटीच्या गोळ्या घेत राहतात. त्या गोळ्याही कधीकधी याच पिशवीत पडून असतात.

हा लेख निदान नुकतंच झालेल्या रुग्णासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी आहे.

पिशवी का होते

घसा जिथे संपतो आणि अन्ननलिका सुरू होते तिथे क्रायकोफॅरिंजियस नावाचा आडवा स्नायू असतो. एरवी तो आवळलेला असतो आणि गिळण्याच्या क्षणी सैल होतो. वय वाढलं की काहींमध्ये हा स्नायू ताठर होतो आणि पुरेसा उघडत नाही. घसा वरून घास ढकलतो, खालचं दार अर्धवटच उघडतं आणि मधला दाब वाढत जातो. या आडव्या स्नायूच्या लगेच वर, तिरप्या आणि आडव्या तंतूंच्या मधे, मागच्या भिंतीत एक त्रिकोणी कमकुवत जागा असते. तिला किलियनचा त्रिकोण म्हणतात. टायरला चीर पडली की आतली ट्यूब फुगून बाहेर येते, तसं या जागेतून आतलं अस्तर वर्षानुवर्षं बाहेर ढकललं जातं. पिशवीच्या भिंतीत त्यामुळे स्नायू जवळजवळ नसतोच. ती स्वतःहून आकुंचन पावून रिकामी होऊ शकत नाही.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे सर्जन अब्राहम लडलो यांनी 1764 मध्ये हा आजार पहिल्यांदा वर्णन केला. 1877 मध्ये जर्मन विकृतिशास्त्रज्ञ झेंकर यांनी अनेक रुग्णांचा अभ्यास मांडला आणि नाव त्यांचं पडलं.

या आजारात डोक्यात पक्की ठेवायची गोष्ट एकच : पिशवी हा परिणाम आहे, दोष त्या स्नायूत आहे. नुसती पिशवी कापून काढली आणि स्नायू तसाच ठेवला, तर टाक्यांवर पुन्हा तोच दाब येतो. मग एकतर टाके गळतात, नाहीतर काही वर्षांनी पिशवी परत होते. म्हणून कोणत्याही पद्धतीने ऑपरेशन ठरो, डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारा : स्नायू कापणार ना, आणि किती लांबीचा?

पहिला टप्पा : बेरियम आधी, दुर्बीण नंतर

क्रम महत्त्वाचा आहे. बेरियम स्वॉलो, म्हणजे एक्स-रेत पांढरं दिसणारं बेरियम गिळायला लावून करतात ती तपासणी, आधी करा, आणि शक्यतो हलत्या चित्रांची, म्हणजे घोट घेताना एक्स-रे सलग पाहिला जातो अशी. बाजूने घेतलेली फिल्म नीट बघा. मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्याच्या पातळीवर पांढरं बेरियम मागच्या बाजूला जमतं, पिशवी आधी भरते आणि तिच्या काठावरून ओसंडून मग अन्ननलिकेत उतरतं. पिशवी मोठी असेल तर तिचं तोंड सरळ घशाच्या रेषेत येतं आणि खरी अन्ननलिका पुढे, बाजूला दबून एखाद्या फटीसारखी दिसते. गिळलेलं सगळं आधी पिशवीतच का जातं, हे त्या फिल्मवर स्पष्ट कळतं.

दुर्बिणीची घाई करू नये याचं कारणही हेच. पिशवीची कल्पना नसताना एंडोस्कोप आत घातला तर तो सरळ पिशवीत शिरतो आणि तिची पातळ भिंत फाटू शकते. नाकातून घातली जाणारी रायल्स ट्यूब आणि हृदयाची अन्ननलिकेतून केली जाणारी इको तपासणी, दोन्हींचा धोका तोच. रुग्ण कुठल्याही दुसऱ्या कारणाने दवाखान्यात गेला तरी ‘घशामागे पिशवी आहे, नळी आंधळेपणाने घालू नका’ हे कागदावर ठळक लिहून सोबत ठेवा. बेरियमनंतर तज्ज्ञाने सावकाश केलेली एंडोस्कोपी मात्र उपयोगाची असते : पिशवीच्या अस्तरात जखम किंवा गाठ नाही ना हे पाहता येतं. पिशवीत कर्करोग क्वचितच होतो, पण होतो. गिळण्याचा त्रास अचानक वाढला किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर ही तपासणी टाळू नये.

सोबत छातीचा एक्स-रे हवाच. पिशवी फार खाली, छातीत उतरली असेल तर सीटी स्कॅनही लागतो.

दुसरा टप्पा : ऑपरेशन हवं का

लहान पिशवी दुसऱ्याच कशासाठी केलेल्या तपासणीत सापडली आणि त्रास काहीच नसेल, तर नुसतं लक्ष ठेवतात. त्रास देणाऱ्या पिशवीवर औषध नाही. गोळ्यांनी ती आकसत नाही.

साधारणपणे 2 सेंटिमीटरपर्यंत लहान, 2 ते 4 मध्यम आणि त्यापुढे मोठी असं मानतात, जरी हे आकडे सगळीकडे अगदी सारखे नसले. मोठ्या पिशवीचा खरा धोका गिळण्यातल्या अडचणीपेक्षा फुप्फुसाला आहे. रात्री आडवं झालं की साचलेलं अन्न श्वासनलिकेत उतरतं आणि वारंवार न्यूमोनिया होतो. ‘आता या वयात कशाला ऑपरेशन’ असं घरचे प्रेमापोटी म्हणतात. पण 80 वर्षांच्या रुग्णाचं वजन महिन्याला घटत असेल आणि खोकला थांबत नसेल, तर थांबणंच जास्त महाग पडतं. निर्णय वयाच्या आकड्यावर घेऊ नका. हृदय, फुप्फुसं आणि शरीरातली ताकद पाहून घ्या.

तिसरा टप्पा : पद्धत निवडणं

वाटा मुख्यतः दोन : तोंडातून किंवा मानेतून.

तोंडातून केलेल्या पद्धतीत पिशवी काढत नाहीत. पिशवी आणि अन्ननलिका यांच्यामधला जो पडदा असतो, त्यातच तो ताठर स्नायू असतो. हा पडदा उभा चिरला की दोन्ही पोकळ्या एक होतात आणि स्नायूही कापला जातो. मोशर यांनी 1917 मध्येच हा विचार मांडला, पण छातीत जंतुसंसर्ग होऊन रुग्ण दगावल्यामुळे तो मागे पडला. 1960 मध्ये डोलमन आणि मॅटसन यांनी विद्युत चाकूने हे करून दाखवलं. 1993 पासून स्टेपलर आला. तो दोन्ही कडांना टाचण्या मारता मारता मधून कापतो, म्हणून गळती आणि रक्तस्राव कमी झाले. आता लवचीक एंडोस्कोपनेही पडदा कापतात, किंवा झेड-पोएम पद्धतीने अस्तराखालून बोगदा करून फक्त स्नायू कापतात.

तोंडातून केलं की मानेवर चीर नाही, वेळ कमी, मुक्काम कमी. पण दोन अडचणी आधी माहीत असाव्यात. ताठ धातूचं उपकरण घालण्यासाठी मान मागे वाकायला आणि तोंड पुरेसं उघडायला लागतं. पुढे आलेले दात, आखूड मान, मानेच्या मणक्यांची झीज असेल तर पडदा नजरेत येत नाही आणि ऑपरेशन अर्ध्यावर सोडून मानेतून करावं लागू शकतं. ही शक्यता संमतीपत्रात आधीच लिहिलेली असावी. दुसरी अडचण स्टेपलरच्या टोकाची. शेवटचा सेंटिमीटरभर भाग टाचला जातो पण कापला जात नाही, म्हणून तळाशी थोडा पडदा उरतो. पिशवी 3 सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर हा उरलेला भागच मोठा ठरतो.

मानेतून केलेल्या ऑपरेशनमध्ये स्नायू पूर्ण लांबीने, डोळ्यांसमोर कापता येतो. मग पिशवीचं काय करायचं हे आकारावर ठरतं. मध्यम पिशवी असेल तर ती न कापता तिचा तळ वर उलटा टांगून मागच्या आवरणाला शिवतात. याला पेक्सी म्हणतात. तोंड खाली आलं की त्यात अन्न साचत नाही, आणि पोकळी उघडलीच नाही म्हणून गळतीची भीती फार कमी. अशक्त रुग्णात हा चांगला मार्ग आहे. पण 5-6 सेंटिमीटरपेक्षा मोठी, छातीच्या दाराशी पोचलेली पिशवी टांगायला जागाच उरत नाही. तिचा गोळा अन्ननलिकेवर दाब देतो. अशी पिशवी कापून काढलेली बरी. तोंडातून पडदा कापला तरी फार मोठ्या पिशवीत खाली मोठा सैल कप्पा राहतो. म्हणून रुग्ण भूल सोसण्याइतका तंदुरुस्त असेल तर फार मोठ्या पिशवीसाठी मानेतून पिशवी काढणं आणि स्नायू कापणं हेच आम्हाला योग्य वाटतं. तब्येत नाजूक असेल तर मात्र तोंडातून केलेलं, थोडं अपुरं ऑपरेशनही रुग्णाला जेवता करतं.

चौथा टप्पा : तयारी

सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं. रात्री 12 नंतर उपाशी राहिलं की पोट रिकामं होतं, पिशवी होत नाही. आठ तास उपाशी असलेल्या रुग्णाच्या पिशवीतही कालचा भात सापडतो. भूल देताना तो फुप्फुसात गेला तर ऑपरेशन सुरू होण्याआधीच संकट. म्हणून :

आधीचे दोन दिवस फक्त पातळ, गाळलेलं घ्या : ताक, डाळीचं गाळलेलं पाणी, गाठी नसलेलं नाचणीचं सत्त्व, सूप. प्रत्येक वेळी नंतर दोन-तीन घोट साधं पाणी. मान डावीकडे दाबली की गुडगुड होऊन पिशवी रिकामी होते, हे अनेक रुग्णांना स्वतःच कळलेलं असतं. ज्यांना ते जमतं त्यांनी भूलतज्ज्ञांना तसं सांगावं आणि त्यांच्या सूचनेप्रमाणे ऑपरेशनआधी जागेपणी पिशवी रिकामी करावी. उशा लावून, डोकं वर ठेवून झोपावं.

भूलतज्ज्ञांची भेट आदल्या दिवशीच घ्या आणि बेरियमची फिल्म त्यांना दाखवा. भूल देताना अन्न वर येऊ नये म्हणून गळ्यावर एका ठिकाणी दाब देण्याची नेहमीची रीत आहे. पिशवी त्याच पातळीवर असेल तर त्या दाबाने उलट आतलं अन्न घशात येतं. टेबलाचं डोकं वर उचलून, पटकन नळी टाकून भूल देणं हा त्यावरचा उपाय.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांचा. क्लोपिडोग्रेल साधारण 5 ते 7 दिवस आणि वॉरफेरिन 5 दिवस आधी थांबवतात, पण स्टेंट घातलेल्या माणसाने मनाने एकही गोळी बंद करू नये. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या किमान 3 दिवस आधी थांबवायच्या असतात. डॉक्टर विचारतील याची वाट न पाहता तुमची सगळी पाकिटं पिशवीत घालून घेऊन जा. तंबाखू, मिश्री, विडी त्याच दिवशी बंद. हलणारे दात आणि कवळी यांची नोंद करून घ्या, कारण तोंडातून करताना दाताला इजा होते ती बहुतेक अशाच दातांना.

वजन खूप उतरलं असेल आणि फुप्फुसात संसर्ग असेल तर ऑपरेशन काही आठवडे पुढे ढकलून आधी ते दोन्ही सुधारणं शहाणपणाचं. उपाशी शरीरात टाके धरत नाहीत.

खर्चाबद्दल एकच सूचना. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात जाणार असाल तर दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला भेटून हे ऑपरेशन योजनेत कसं बसतं आणि पूर्वमंजुरीला कोणते कागद लागतात ते विचारा. खासगीत विचारायचा प्रश्न वेगळा : स्टेपलरच्या कार्ट्रिजचा खर्च पॅकेजमध्ये धरला आहे का? कार्ट्रिज म्हणजे स्टेपलरमध्ये बसवायचा टाचण्यांचा संच, आणि मोठ्या पिशवीला एकाहून जास्त कार्ट्रिज लागतात.

पाचवा टप्पा : मानेतल्या ऑपरेशनमध्ये काय होतं

पिशवी बहुधा डावीकडे झुकलेली असते, म्हणून चीर मानेच्या डाव्या बाजूला. खांद्याखाली उशी, मान थोडी मागे आणि उजवीकडे वळवलेली. मानेतल्या मोठ्या स्नायूच्या पुढच्या कडेने किंवा कातडीच्या आडव्या घडीत चीर घेतात. मोठ्या रक्तवाहिन्या बाहेरच्या बाजूला, श्वासनलिका आणि थायरॉइड आतल्या बाजूला सरकवले की मणक्यांच्या पुढे पिशवी दिसते. श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या खाचेतून आवाजाची नस जाते. तिथे जोरात ओढ दिली तर आवाज बसतो. म्हणून इथे घाई चालत नाही.

पिशवी भोवतालच्या ऊतींपासून सोडवत तिच्या मानेपर्यंत, म्हणजे मुळाशी असलेल्या अरुंद भागापर्यंत येतात. मग तोंडातून अन्ननलिकेत जाड गोल नळी घालतात, साधारण 40 फ्रेंच मापाची, म्हणजे सुमारे 13 मिलिमीटर व्यासाची. हिच्यामुळे पिशवी कापताना अन्ननलिकेचं अस्तर जास्त ओढलं जाऊन मार्ग अरुंद होत नाही. आडवा स्नायू आणि त्याखाली अन्ननलिकेचा स्नायू मिळून 4-5 सेंटिमीटर लांबीचा उभा छेद घेतात. आतलं अस्तर फुगून वर आलं की स्नायू पूर्ण कापला गेल्याची खात्री पटते. त्यानंतर पिशवीच्या मानेवर स्टेपलर लावून ती काढतात आणि तपासणीला पाठवतात. शेवटी जखमेत पाणी भरून आतून हवा सोडतात. बुडबुडे आले तर गळती आहे, तिथेच टाका घालतात. गळ्यात ड्रेन, म्हणजे साचलेला स्राव बाहेर काढणारी नळी, ठेवून चीर बंद करतात.

सहावा टप्पा : पहिले दिवस

पहिले 48 तास डोळ्यांत तेल घालून बघायचे. गळती झालीच तर लाळ आणि जंतू मानेतून छातीच्या मध्यभागात उतरतात, आणि ते जिवावर बेतू शकतं. ताप 38 अंश सेल्सिअसच्या वर, नाडी विश्रांतीतही 100 च्या वर, पाठीत किंवा छातीत कळ, दम लागणं, मानेच्या कातडीवर बोट दाबल्यावर आत हवेचे बुडबुडे फुटल्यासारखी कुरकुर, ड्रेनमध्ये लाळेसारखा किंवा प्यायलेल्या पदार्थासारखा स्राव. यातलं एकही दिसलं तर नर्सला लगेच सांगा आणि तोंडाने पाण्याचा थेंबही देऊ नका. नाडीचा वेग तापाच्या आधी वाढतो. सकाळी ‘जरा धडधडतंय’ म्हणणाऱ्या रुग्णाला घाबरलाय म्हणून सोडून देऊ नये. लवकर कळलेली मानेतली गळती बहुतेकदा ड्रेन, अँटिबायोटिक आणि नळीतून आहार यावर भरून येते. छातीत उतरलेली गळती पुन्हा ऑपरेशन मागते.

अचानक मान सुजून श्वास कोंडला तर आत रक्तस्राव झालेला असू शकतो. ही मिनिटांची आणीबाणी आहे.

पिशवी काढली असेल तर तोंडाने सुरू करण्याआधी अनेक सर्जन रंगद्रव्य गिळायला लावून एक्स-रे घेतात; कोणत्या दिवशी, हे सर्जनप्रमाणे बदलतं. ठसका लागणाऱ्या रुग्णाला गॅस्ट्रोग्राफिन नावाचं रंगद्रव्य देऊ नये, कारण ते फुप्फुसात गेलं तर सूज आणतं. त्याऐवजी आयोहेक्सॉलसारखं द्रव्य वापरतात. पेक्सी किंवा तोंडातून केलेल्या ऑपरेशननंतर सगळं ठीक असेल तर दुसऱ्या दिवशीच घोट घोट पाणी सुरू होतं.

आवाज घोगरा झाला तर बहुधा नसेला ताण पडलेला असतो आणि काही आठवड्यांत ते सुधारतं. घोगरेपणासोबत पाणी पिताना ठसका लागत असेल तर मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र लगेच पाहून घ्या.

सातवा टप्पा : घरचं जेवण

घरी आल्यावर सर्जनने लिहून दिलेला क्रम पाळा. साधारण तो असा असतो. पहिले काही दिवस पातळ : पेज, ताक, मुगाचं कढण, दूध. पुढे दोनेक आठवडे मऊ आणि एकजीव : खिमट, गुरगुट्या भात आणि वरण, शिजवून घोटलेला भोपळा, दह्यात कुस्करलेलं केळं. त्यानंतर पोळी दुधात किंवा वरणात भिजवून. भाकरीचा कडक पापुद्रा, शेंगदाणे, चिवडा, लाह्या आणि काट्याचे मासे महिनाभर तरी नकोत. गोळ्या कुटता येतात का हे औषधवाल्याला विचारा; सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नसतात.

एका वेळी थोडं, ताठ बसून, आणि जेवणानंतर तासभर आडवं न होता. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून आठव्या दिवशी भाकरी खाणारे रुग्ण पुन्हा दवाखान्यात येतात.

त्रास उरला तर

तोंडातून ऑपरेशन झालेल्यांच्या बेरियममध्ये नंतरही पिशवीसारखा फुगवटा दिसतो, कारण पिशवी काढलेलीच नसते. रुग्ण नीट जेवत असेल, वजन वाढत असेल तर त्या चित्राला घाबरू नये. उलट, पहिल्या दिवसापासूनच घास तसाच अडकत असेल तर स्नायू अपुरा कापला गेल्याची शक्यता जास्त. सुरुवातीला बरं वाटून काही आठवड्यांनी घास अडकायला लागला तर व्रण आकसून मार्ग अरुंद झाला असेल; एंडोस्कोपीतून तो रुंद करता येतो. बऱ्याच वर्षांनी त्रास परतला तर पडदा पुन्हा कापता येतो. मानेतून आधी ऑपरेशन झालेल्या रुग्णात दुसऱ्यांदा शक्यतो तोंडातूनच जातात, कारण जुन्या व्रणात आवाजाची नस शोधणं कठीण असतं.

पिशवी छातीच्या तळाशी असेल तर

अन्ननलिकेच्या शेवटच्या 10 सेंटिमीटरमध्ये, डायाफ्रामच्या (छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याच्या) वर होणारी पिशवी वेगळी. तिला एपिफ्रेनिक म्हणतात आणि तिच्यामागे बहुतेकदा अकॅलेशियासारखा (अन्ननलिकेचं खालचं दार नीट न उघडण्यासारखा) हालचालीचा दोष असतो, म्हणून ऑपरेशनआधी मॅनोमेट्री ही दाबाची तपासणी करून घ्यावी. इथेही तत्त्व तेच : पिशवी काढून तिच्या मानेवर स्नायूचा थर शिवतात, पिशवीच्या विरुद्ध बाजूने लांब छेद घेऊन स्नायू कापतात, आणि आम्ल वर येऊ नये म्हणून जठराचा वरचा भाग अर्धवट गुंडाळून शिवतात. पिशवी डायाफ्रामच्या जवळ असेल तर पोटातून दुर्बिणीने जमतं. खूप वर असेल तर छातीतून जावं लागतं. टाक्यांची गळती इथे मानेपेक्षा कितीतरी धोकादायक, कारण ती थेट छातीत होते. त्यामुळे त्रास किरकोळ असेल तर या पिशवीला हात लावू नये, आणि लावायचाच असेल तर अन्ननलिकेची ऑपरेशनं नियमित होतात, रात्रीही सीटी आणि अतिदक्षता विभाग चालू असतो, अशाच ठिकाणी जावं.